घाटावर, शेडमध्ये, बचत गटात: हाताखालच्या माणसांशी बोलताना आणि त्यांचे ऐकताना

गणपती जवळ आले की मंडळांच्या अध्यक्षांकडून एक प्रश्न दरवर्षी येतो: “मुलांवर ओरडले नाही तर ती ऐकत नाहीत आणि ओरडले तर पुढच्या वर्षी येत नाहीत. करायचे काय?” बऱ्हाणपूरच्या यंत्रमाग शेडमधले सुपरवायझर हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात: “कारागिराला दोन शब्द बोललो की तो न सांगता दुसऱ्या शेडमध्ये निघून जातो.” बचत गटाच्या अध्यक्ष ताईंचे गाऱ्हाणे असे असते की बैठकीत सगळ्या माना डोलावतात आणि उंबरठ्याबाहेर पडल्यावर भलतेच बोलतात.

बहुतेकांना या प्रश्नाची दोनच उत्तरे दिसतात. एक कडक राहण्याचे, दुसरे गोड बोलण्याचे. म्हणून आठवडाभर कडक राहायचे, माणसे दुरावली की आठवडाभर गोड बोलायचे, आणि शेवटी समोरच्याला कळेनासे होते की आज साहेब कोणत्या मूडमध्ये आहेत. तुमचा हा गोंधळ स्वभावामुळे होत नाही. नेमके काय साधायचे आहे ते ठरलेले नसते, म्हणून तो होतो. ते ठरवण्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारा: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोचते? दोर विरलाय, बीमवर ताणा चुकीचा चढलाय, गटाच्या पैशांत दोनशे रुपये कमी भरताहेत, ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या कानावर येते, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर परक्याकडून कळते? लवकर कळत असेल तर तुमचे बोलणे-वागणे ठीक चालले आहे. उशिरा कळत असेल तर तुम्ही कितीही गोड बोलत असा, माणसे तुम्हाला भितात किंवा सांगून उपयोग नाही असे मानतात. पुढचे सगळे या एका कसोटीला धरून लिहिले आहे.

आधी आपली परिस्थिती तपासा

आजच्या आज, कोणालाही न विचारता, या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा.

- गेल्या महिन्यात कोणी आपणहून येऊन “माझ्याकडून चुकले” असे सांगितले का? एकानेही नसेल तर चुका झाल्या नाहीत असे समजू नका. त्या झाकल्या गेल्या आहेत.
- तुमचे म्हणणे खोडून काढणारा शेवटचा माणूस कोण? त्यानंतर तुम्ही त्याच्याशी कसे वागलात?
- हाताखालच्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, तो कुठून येतो आणि घरी कोण आजारी आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?
- तुम्ही दोन दिवस नसाल तर निर्णय कोण घेतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे का?

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या चालणाऱ्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलट निघाले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथल्या परिचारिका चूक सांगायला घाबरत नव्हत्या. तुमच्याकडे तक्रारी वाढल्या तर लगेच खट्टू होऊ नका, हे यावरून लक्षात घ्या.

राजघाटावर: काम सुरू होण्याआधीची दहा मिनिटे

शाही किल्ल्याच्या पायथ्याशी तापीवरचा राजघाट ज्यांनी भाद्रपदात पाहिला आहे, त्यांना स्वयंसेवकांचे काम किती अवघड असते हे सांगावे लागत नाही. पगार नाही, वर्षातून मोजकेच दिवस एकत्र काम, निम्मी मुले एकमेकांना ओळखत नाहीत, ढोलताशांत आवाज पोचत नाही, पायऱ्या निसरड्या आणि नदी भरलेली. त्यातही तापीचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. नदी उगम पावते बैतूल जिल्ह्यात मुलताईला. पाऊस तिकडे पडतो आणि पाणी इकडे चढते, त्यामुळे बऱ्हाणपुरात आभाळ निरभ्र असतानाही घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जाऊ शकतात. पात्रातला दगडी हत्ती किती बुडाला यावरून पाणी जोखणारे जुने लोक घाटावर आहेत. त्यांचे म्हणणे तुमच्या टीमपर्यंत पोचते का, हा इथे जीवन-मरणाचा प्रश्न आहे.

म्हणून मूर्ती घाटावर येण्याआधी सगळ्यांना एका जागी उभे करा आणि हे करा.

1. प्रत्येकाने नाव आणि काम मोठ्याने सांगावे. “मी वरच्या पायरीवर, गर्दी थांबवणार.” “मी दोराजवळ.” हा उपचार वाटेल, पण तो गाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी दिली, तिच्यात चिरफाड सुरू होण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगणे हा एक टप्पा आहे. जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली. दिल्लीही त्यांत होती. २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेले दिसले. त्या यादीत बाकीही बरेच होते, पण एकदा स्वतःच्या तोंडून नाव सांगितलेला माणूस पुढे गरजेच्या वेळी तोंड उघडतो, एवढे आपल्याला पुरेसे आहे.
2. थांबवण्याचा शब्द ठरवा आणि तो कोणीही उच्चारू शकतो हे जाहीर करा. “थांबा” म्हणा, “रुको” म्हणा, पण एकच ठेवा. शिट्टीची खूणही ठरवा. सोळा वर्षांच्या पोराने “थांबा” म्हटले तरी अध्यक्षांनी थांबायचे. पोराचा अंदाज चुकला, पाणी चढलेच नव्हते, तरी सगळ्यांसमोर म्हणा: “बरे केलेस, सांगितलेस.” तिथे हसलात तर पुढच्या वेळी खरोखर पाणी चढेल तेव्हा तो गप्प राहील.
3. पाण्यात कोण उतरणार आणि कोण नाही, हे नावानिशी सांगा. अठरा वर्षांखालचे कोणीही नाही, पोहता न येणारा कोणी नाही, दारू प्यायलेला कोणी नाही. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारू नका. दोर फेका आणि होमगार्डला किंवा घाटावरच्या बचाव पथकाला हाक मारा. हे वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घ्या.
4. पाळ्या ठरवा. दोन तासांनी माणूस बदलायचा, पाणी आणि खाणे मिळायला हवे. उपाशी माणसाला आपुलकीचे शब्द ऐकू येत नाहीत. प्रत्येक जागेवर एक माणूस जादा ठेवा. मुंबईचे डबेवाले गटात गरजेपेक्षा एखाद-दोन माणसे जास्त ठेवतात ती याचसाठी, म्हणजे एकाला ताप आला तरी दुसऱ्यावर भार पडत नाही आणि आजाऱ्याला अपराधी वाटत नाही.
5. घाटावर रोज असणाऱ्यांना विचारा. नावाडी, पूजासाहित्य विकणाऱ्या मावशी, पोहायला येणारे काका. “काका, पाणी कसे वाटते?” एवढे विचारायला मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना बहुतेक वेळा सवड होत नाही. ती काढा.

गर्दीला सूचना देताना भाषेचा विचार करा. बऱ्हाणपुरात मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, निमाडी बोलणारी माणसे एकाच पायरीवर उभी असतात. ध्वनिक्षेपकावर दोन भाषांत, तीन-तीन शब्दांची वाक्ये बोला. “खाली उतरू नका. नीचे मत उतरिए. मूर्ती आमच्याकडे द्या.” “भाविकांना नम्र विनंती करण्यात येते की” अशी सुरुवात केली तर मुद्द्यापर्यंत येईतो पाच माणसे खाली उतरलेली असतात. स्वयंसेवकांनी गर्दीतल्या माणसाशी बोलताना “ए” म्हणायचे नाही. भाऊ, ताई, काका, चाचा, भाईजान, यांतले जे शोभेल ते. धक्का देऊन जितकी माणसे मागे हटतात त्यापेक्षा नात्याने हाक मारल्यावर जास्त हटतात.

आपले सांगणे समजले का, हे कसे कळेल

“समजले ना?” या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे: “हो.” मोठ्या माणसाला “नाही समजले” म्हणणे उद्धटपणा समजला जातो, म्हणून हा प्रश्न विचारणे सोडून द्या. त्याऐवजी म्हणा: “मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे. आता तुम्ही काय करणार, जरा मला सांगा.” सांगण्यात चूक झाल्याची शक्यता तुम्ही स्वतःवर घेतली की समोरच्याला कमीपणा येत नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये तर तोंडी सूचना देणे जवळपास निरर्थक असते. माग चालू असताना शेजारच्याचे ओरडणेही ऐकू येत नाही. तिथे हातवाऱ्यांनी काम चालते आणि सुपरवायझर कानाजवळ येऊन ओरडला तर ते बाकीच्यांना दुरून शिवीगाळच वाटते. म्हणून:

- पाळी सुरू होताना, माग चालू होण्याआधी, शेडबाहेर पाच मिनिटे बोला. आज कोणते सूत, कोणती क्वालिटी, काल काय बिघडले, एवढेच.
- एखाद्याशी चुकीबद्दल बोलायचे असेल तर त्याला बाहेर बोलवा, आणि चांगले काम सांगायचे असेल तेव्हाही बाहेर बोलवा. नाहीतर “बाहेर ये” म्हटल्यावरच त्याच्या पोटात गोळा येईल.
- महत्त्वाचे ते फळ्यावर लिहा. दर, सुट्टी, पगाराची तारीख, वीज कधी जाणार. वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवायला एक माणूस नेमा.

लिहून सांगण्याचे मोल जाणणारा एक थोर माणूस याच तापी खोऱ्यात होऊन गेला. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. गुरुजींचे प्रेम सगळ्यांना आठवते, पण त्या प्रेमाला रोज बसून लिहिण्याचे कष्ट जोडलेले होते, हे आपण विसरतो. तुम्हाला दैनिक काढायचे नाही. फळ्यावरच्या चार ओळी रोज बदलल्या तरी माणसांना कळते की आपल्याला सगळे सांगितले जाते, काही लपवले जात नाही.

ऐकायला बसताना

महिन्यातून एकदा प्रत्येकाशी एकट्याने पंधरा मिनिटे बोला. वीस माणसे असतील तर महिन्याला पाच तास जातील. एक कुशल कारागीर निघून गेल्यावर नवीन शोधायला किती दिवस लागतात याचा हिशेब मांडा, मग हे पाच तास महाग वाटणार नाहीत.

विचारायचे प्रश्न साधे ठेवा:

- कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?
- माझ्याकडून काय राहून जाते आहे?
- कोणाचे काम चांगले चालले आहे, पण माझ्या लक्षात आलेले नाही?

तिसऱ्या प्रश्नाने माणसे खुलतात. स्वतःबद्दल बोलायला लाजणारा कारागीर दुसऱ्याचे कौतुक मनापासून करतो आणि तुम्हाला टीमचे खरे चित्र मिळते.

काही वाक्ये मात्र टाळा. “हे तर काहीच नाही, आमच्या वेळी...” असे म्हटले की पुढचे ऐकायला मिळत नाही. “मी बघतो” म्हणून विसरलात तर न ऐकलेले बरे होते. जे जमणार नाही ते तिथल्या तिथे सांगा: “दर वाढवणे या हंगामात माझ्या हातात नाही. पंखा आठवड्यात बसवतो.” नकार स्पष्ट आणि कारणासह असेल तर माणसे तो पचवतात. लटकत ठेवलेले आश्वासन त्यांना सहन होत नाही.

चूक झाली तर कापायच्या आधी ऐका

कापडात दोष निघाला, गिऱ्हाइकाने माल परत केला, केळीच्या ट्रकमध्ये घड खरचटले. अशा वेळी पहिला हात मजुरी कापण्याकडे जातो. इथे आपुलकीचा मुद्दा घडीभर बाजूला ठेवा आणि कायदा काय म्हणतो ते बघा. मजुरीविषयक कायद्याप्रमाणे नुकसानीपोटी मजुरी कापायची असेल तर दोन अटी आहेत. कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. शिवाय नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झालेले असावे लागते. म्हणजे सूतच कमी प्रतीचे असेल, मागाची दुरुस्ती तुम्ही टाळली असेल, तर कारागिराची मजुरी कापणे चूक आहे.

ऐकताना क्रम असा ठेवा:

1. दोष असलेले कापड समोर ठेवा. माणसाबद्दल काही बोलू नका, कापडाबद्दल बोला.
2. “हे कसे झाले असेल?” असे विचारा आणि मग गप्प बसा. ही शांतता जड जाते, पण तिच्यातूनच खरे कारण बाहेर येते. बहुधा ते तुमच्यापर्यंत न आलेल्या जुन्या तक्रारीत सापडते.
3. तुम्हाला जे कळले ते त्याला परत सांगा: “म्हणजे धोटा तीन दिवसांपासून अडकत होता आणि तुम्ही मेहताजींना सांगितले होते. बरोबर?”
4. निर्णय सांगा, कारण सांगा, आणि विषय तिथेच संपवा. पुढच्या महिन्यात भांडण झाल्यावर हेच कापड पुन्हा उकरून काढू नका.

उचल: चांगुलपणा बेडी कधी होतो

या विषयावर थांबून बोलायलाच हवे, कारण इथे भली माणसे चुकतात. कारागिराच्या मुलीचे लग्न असते, बाप दवाखान्यात असतो, तो मालकाकडे उचल मागतो. मालक देतो. ती रक्कम मजुरीतून थोडी थोडी वळती होते, मध्येच नवी उचल घेतली जाते आणि बाकी संपत नाही. मग एक दिवस तो दुसऱ्या शेडमध्ये जायचे म्हणतो तेव्हा “आधी बाकी फेड, मग जा” असे उत्तर मिळते. देणाऱ्याला वाटते आपण अडीअडचणीला उभे राहिलो. घेणाऱ्याच्या पायात मात्र साखळी पडलेली असते.

वेठबिगार पद्धत बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. त्याप्रमाणे कर्जाच्या बदल्यात माणसाला ठरावीक मालकाकडेच काम करायला भाग पाडणे, दुसरीकडे जाण्यापासून रोखणे, हा गुन्हा आहे. मालकाचा हेतू चांगला होता, हे सांगून सुटका होत नाही.

तरी उचल देऊ नका असे माझे म्हणणे नाही. गरिबाला बँकेचे दार उघडेपर्यंत दवाखाना थांबत नाही. द्या, पण अशी द्या:

- रक्कम, तारीख, हप्ता आणि किती महिन्यांत फिटेल हे एका कागदावर लिहा. त्याची प्रत कारागिराला द्या, आणि त्याच्या मुलाला किंवा मुलीला वाचता येत असेल तर त्यांच्यासमोर वाचून दाखवा.
- हप्ता इतका छोटा ठेवा की घर चालेल. सगळी कपात मिळून मजुरीच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नये, ही कायद्याचीच मर्यादा आहे.
- आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक कधीही ठेवून घेऊ नका.
- तो काम सोडून गेला तर बाकी वसूल करण्याचा मार्ग वेगळा. “काम सोडायचे नाही” ही अट मात्र घालू नका, तोंडीसुद्धा नाही.
- उचल दिल्यानंतर त्याच्याशी बोलण्याचा सूर बदललेला नाही ना, हे स्वतःला विचारत राहा. पैसे दिलेल्या माणसावर आवाज चढतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

कारागीर वाचकांनी हेही जाणून घ्यावे. कारखान्यांविषयीचा कायदा जिथे लागू होतो तिथे आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झाले तर जादा तासांची मजुरी दुप्पट दराने मिळायला हवी. ती मागणे म्हणजे मालकाशी बेइमानी नव्हे. आणि मालकांनो, ती मागणाऱ्याला तोंडावर उलटणारा म्हणू नका.

मोबाईलवरचा गट

थोडक्यात सांगतो. गटावर सूचना द्या, कौतुक करा, पण कोणाचीही चूक तिथे काढू नका. रात्री दहानंतर आवाजी निरोप पाठवू नका. तातडीचे असेल तर फोन करा. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला निरोप कोण सांगणार, हे आधी ठरवा. निळ्या खुणा दिसल्या म्हणून निरोप समजला असे धरू नका.

स्त्रिया टीममध्ये असतील तर

मंडळाच्या कामात, केळीच्या पॅकिंगला, शेडमध्ये कांड्या भरायला स्त्रिया असतात. बैठकीत मात्र त्या मागे बसतात आणि निर्णय पुढच्या रांगेत होतात. त्यांना “काही बोलायचे आहे का ताई?” असे सगळ्यांच्या शेवटी विचारून उपयोग नाही. विषय सुरू होतानाच त्यांच्याकडून सुरुवात करा. रात्री उशिरा काम असेल तर घरी पोचवण्याची व्यवस्था आधी सांगा, म्हणजे ती मागताना त्यांना संकोच वाटणार नाही. आणि कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसेल तर संवादाच्या गोष्टी करण्याआधी ते बांधा.

हक्कांची माहिती लिहून लावा:

- कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा जास्त माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा.
- माणसे दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.
- तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. पुरेसे कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात.
- हा कायदा बिनपगारी स्वयंसेविकांनाही लागू आहे. सेवाभावी कामात “घरचीच माणसे आहेत” म्हणून विषय दाबला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तुमच्याकडे कोणी असे काही सांगायला आले तर “खात्री आहे का?” असे विचारू नका. “सांगितलेस ते बरे केलेस. तुला आता काय हवे आहे?” असे विचारा. मध्यस्थी करून मिटवायला जाऊ नका. ते काम समितीचे आहे.

माणूस अचानक गप्प झाला तर

रोज हसणारा कारागीर आठवडाभर कोणाशी बोलत नाही, डबा न खाता परत नेतो, चुका वाढल्या आहेत. त्याला एकट्याला विचारा: “काही दिवस तुम्ही वेगळे वाटता. घरी सगळे ठीक आहे ना?” नाही सांगितले तर आग्रह करू नका, चार दिवसांनी पुन्हा विचारा. सल्ला देण्याची घाई नको. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत आणि हिंदीत बोलता येते. क्रमांक फळ्यावर कायम लिहून ठेवा, म्हणजे तो मागण्यासाठी कोणाला तुमच्याकडे यावे लागणार नाही.

कठोर व्हायची वेळ

आपुलकीच्या नावाखाली निर्णय टाळणारे प्रमुख टीमचे सर्वांत जास्त नुकसान करतात. घाटावर एखादा स्वयंसेवक पिऊन आला आहे. तो अध्यक्षांचा भाचा आहे, दहा वर्षे मंडळात राबला आहे. त्याला तिथून हलवलेच पाहिजे, आणि तेही लगेच. बाजूला घ्या, आवाज खाली ठेवा आणि म्हणा: “आज तुला पाण्याजवळ उभे करता येणार नाही. सोबत एक जण देतो, घरी जा. उद्या सकाळी मी येतो, तेव्हा बोलू.” वाद घालायचा नाही, कारणांची लांबण लावायची नाही. उद्या सकाळी मात्र खरेच त्याच्या घरी जा. तुम्ही गेला नाहीत, तर त्याला आणि टीमला एवढेच कळेल की आपल्याला हाकलले होते.

एकाला सवलत दिली ती दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न येणारच. आजारी मुलाच्या आईला तासभर लवकर सोडलेत तर बाकीच्यांना सांगा: “गरज पडेल तेव्हा हे प्रत्येकाला मिळेल.” आणि पुढच्याला गरज पडेल तेव्हा खरेच द्या.

काम पूर्ण झाले, हे कोणी म्हणायचे?

याचे एक चांगले उदाहरण बऱ्हाणपूर जिल्ह्यातच आहे. जल जीवन अभियान १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झाले तेव्हा जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात ३७,२४१ घरांना नळ होते. जुलै २०२२ मध्ये सर्वच्या सर्व १,०१,९०५ घरांना नळ असल्याचे जाहीर झाले आणि ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेला देशातला पहिला जिल्हा बऱ्हाणपूर ठरला. यात शिकण्याजोगी गोष्ट प्रमाणपत्राची पद्धत आहे. इंजिनिअरने काम झाल्याचा कागद दिला म्हणजे काम झाले असे धरले जात नाही. तो कागद ग्रामसभेत वाचला जातो, एकही घर सुटलेले नाही असे गावाने म्हणावे लागते, ठराव करावा लागतो, तेव्हा गाव प्रमाणित होते. बऱ्हाणपूरच्या २५४ गावांत असे झाले.

आपल्या टीममध्येही हे करता येते. विसर्जन आटोपल्यावर, ऑर्डर रवाना झाल्यावर, गटाचे वर्ष संपल्यावर “छान झाले, धन्यवाद” म्हणून पांगू नका. दुसऱ्याच दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, अर्धा तास सगळ्यांना बसवा. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलायचे. सर्वांत नव्या माणसाने सुरुवात करायची. विचारायचे ते असे: काय ठरले होते, काय झाले, कुठे थोडक्यात वाचलो? “थोडक्यात वाचलो” हा प्रश्न गाळू नका. दोर सटकता सटकता राहिला, लहान मूल खालच्या पायरीपर्यंत गेले होते, बीम पडता पडता सावरला, या गोष्टी कोणत्याही हिशेबवहीत येत नाहीत, आणि पुढच्या वर्षीचा अपघात त्यांतच दडलेला असतो. एकाने वहीत लिहून घ्यावे, प्रत्येक मुद्द्यापुढे नाव आणि तारीख टाकावी, आणि ती वही पुढच्या वर्षी पहिल्या बैठकीला उघडून आधी वाचावी.